पहिल्या हजार सभासदांचे गणित

'कू' या भारतीय समाजमाध्यमाने जुलै २०२४ मध्ये वापरकर्त्यांचा निरोप घेतला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत संवादाची सोय देणाऱ्या या ॲपने भरात असताना महिन्याकाठी सुमारे एक कोटी वापरकर्ते गाठले होते, असे त्याच्या संस्थापकांनीच ते बंद करताना नमूद केले. याउलट फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहातील एका खोलीतून सुरू झालेले 'द फेसबुक' हे संकेतस्थळ पहिले काही आठवडे त्या एकाच विद्यापीठापुरते होते. बाहेरच्या माणसाला तेथे नावदेखील नोंदवता येत नव्हते. एक कोटी माणसे जमवूनही एक माध्यम टिकत नाही आणि काही हजारांवर जाणीवपूर्वक थांबलेले दुसरे माध्यम पुढे जग व्यापते, ही विसंगती वरवरची आहे. समाजमाध्यमाच्या सुरुवातीला किती माणसे आली यापेक्षा ती एकमेकांची कोण आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

आज ॲप तयार करणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. दोन-तीन अभियंते काही महिन्यांत चांगले ॲप उभे करू शकतात. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतूनही असे प्रयत्न सतत होत असतात. अडते ते पुढे. ॲप तयार असते, पण त्यात माणसे नसतात. मग घरची पुंजी वा गुंतवणूकदाराचा पैसा जाहिरातींवर खर्च होतो, डाउनलोडचे आकडे चढतात आणि महिन्याभरात सारे सामसूम होते. हे का घडते आणि ज्यांच्या बाबतीत घडले नाही त्यांनी नेमके काय केले, याचा हा आढावा.

रिकाम्या खोलीचा प्रश्न

सायकल विकत घेणाऱ्याला शेजाऱ्याकडे सायकल आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. समाजमाध्यमाचे तसे नाही. तेथे माणसे हाच माल आणि माणसे हेच ग्राहक. पहिला सभासद आत येतो तेव्हा त्याला दाखवण्यासारखे तेथे काहीच नसते. कोणी नाही म्हणून तो निघून जातो आणि तो निघून गेला म्हणून पुढच्यालाही कोणी भेटत नाही. या दुष्टचक्राला तंत्रज्ञानाच्या व्यवसायात थंड इंजिनाची उपमा दिली जाते. एकदा गाडी चालू झाली की धावते, पण पहिला धक्का देणे कठीण असते.

हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यावसायिक टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक अवघे २१ होते. बरोबर चार वर्षांनी, जानेवारी १८८२ मध्ये, कोलकाता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली. त्यांतील कोलकात्याच्या केंद्राचे ग्राहक होते ९३. पलीकडे कोणी नसेल तर टेलिफोन हे यंत्र निरुपयोगी आहे, हे अमेरिकन टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी १९०८ च्या वार्षिक अहवालातच मांडले होते. तरीही ती पहिली केंद्रे चालली. कारण त्यांचे मोजके ग्राहक एकाच शहरातले होते आणि त्यांना एकमेकांशी बोलण्याचे कारण होते.

इथरनेटचे सहसंशोधक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगतो, की जाळ्याचे मूल्य सभासदसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा माणसांत ४५ जोड्या होऊ शकतात, शंभर माणसांत ४,९५० आणि हजार माणसांत ४,९९,५००. गुंतवणूकदारांपुढे हा नियम आवर्जून मांडला जातो. मात्र त्यात एक फसगत आहे. प्रत्येक जोडी उपयोगाची नसते. समजा, एखाद्या ॲपचे एक हजार सभासद महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत सारखे विखुरलेले आहेत. तर एका जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम २८ माणसे येतील आणि तीही एकमेकांना ओळखत नसतील. तेच एक हजार सभासद एका महाविद्यालयातले असले, तर त्यातील जवळपास प्रत्येकाला तेथे वर्गातला, वसतिगृहातला किंवा क्रिकेटच्या संघातला कोणी ना कोणी भेटेल. संख्या तीच, पण पहिल्या ठिकाणी ओसाड माळ आणि दुसऱ्या ठिकाणी भरलेला कट्टा. नव्या ॲपने सुरुवातीला जपायची ती ही दाटी.

हार्वर्डचे कुंपण

'द फेसबुक' ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. नोंदणीसाठी हार्वर्डचा ई-मेल पत्ता आवश्यक होता. पहिल्या चोवीस तासांत हजाराहून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले आणि महिन्याभरात तेथील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यावर आले. त्यानंतर मार्चमध्ये कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येल ही विद्यापीठे खुली झाली. २००४ संपताना सभासदसंख्या दहा लाखांवर पोहोचली होती, पण तोवर ही सारी विद्यार्थ्यांचीच वस्ती होती. शाळांना प्रवेश मिळाला तो २००५ मध्ये, आणि तेरा वर्षांवरील कोणालाही दार उघडले गेले ते सप्टेंबर २००६ मध्ये.

विद्यापीठाच्या या कुंपणाने तीन गोष्टी साधल्या. पहिली, आत येणाऱ्याला ओळखीचे चेहरे लगेच दिसत. दुसरी, विद्यापीठाच्या ई-मेलमुळे नाव खरे असल्याची बऱ्यापैकी खात्री होती, त्यामुळे लोक आपली खरी माहिती निःसंकोच देत. तिसरी, एका विद्यापीठात काय चालते आणि काय चालत नाही हे कळल्यावरच दुसऱ्या विद्यापीठात पाऊल पडत असे. ज्या विद्यापीठात आधीपासून स्थानिक जाळे रुजलेले होते, तेथे थेट न शिरता आसपासच्या महाविद्यालयांत आधी बस्तान बसवण्याची पद्धतही फेसबुकने वापरली. शेजारच्या महाविद्यालयांतील मित्र तिकडे दिसू लागले, की मधल्या विद्यापीठातील विद्यार्थी आपोआप वळत.

याच काळातील 'फ्रेंडस्टर'ची कहाणी उलटी आहे. जोनाथन अब्राम्स यांनी सुरू केलेल्या या संकेतस्थळाने २००३ मध्ये काही महिन्यांतच तीस लाखांच्या आसपास सभासद मिळवले. पण गर्दी पेलण्याची तयारी नव्हती. पाने उघडायला इतका वेळ लागे, की लोक कंटाळून दुसरीकडे गेले. पाहुणे बोलावण्याआधी पंगत किती वाढता येईल हे ठरवावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

कुंपण महाविद्यालयाचेच असावे असे नाही. अमेरिकेतील 'नेक्स्टडोअर' या शेजाऱ्यांच्या माध्यमाने कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क शहराच्या लोरेलाय या एका वस्तीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये ते सर्वत्र खुले झाले. सभासद खरोखरच त्या वस्तीत राहतो का, याची खात्री करण्यासाठी घरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड पाठवले जात असे. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटी, गणेशोत्सव मंडळ, गिर्यारोहकांची संस्था किंवा एखाद्या शाळेचे माजी विद्यार्थी ही अशीच नैसर्गिक कुंपणे आहेत. तेथे माणसे आधीच एकमेकांना ओळखतात. ॲपने त्यांची ओळख करून द्यायची नसते, तर त्यांचे अडलेले एखादे काम सोपे करायचे असते.

आमंत्रणाची ओढ आणि तिची मुदत

गूगलचे अभियंते ऑर्कुट बुयुक्कोक्तेन यांच्या नावाने जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ऑर्कुट'वर आरंभी केवळ आमंत्रणानेच प्रवेश मिळे. ऑक्टोबर २००६ पर्यंत ही पद्धत चालू होती. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ऑर्कुट सर्वाधिक रुजले. आमंत्रण हे येथे दाटी टिकवण्याचे साधन ठरले. ज्याने बोलावले तो ओळखीचा, म्हणून पहिल्या दिवसापासून निदान एक मित्र नक्की आणि त्याचे मित्र हाताच्या अंतरावर. एकेका देशात जाळे घट्ट विणले गेले ते यामुळे.

आमंत्रणाला दुसरीही बाजू आहे. '्क्लबहाऊस' हे ध्वनिसंवादाचे ॲप २०२० मध्ये आयफोनपुरते आणि आमंत्रणापुरते सुरू झाले. टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांना गप्पांची सोय झाली, नामवंतांची हजेरी लागली आणि एप्रिल २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनीचे मूल्य चार अब्ज डॉलर धरले. मे २०२१ मध्ये अँड्रॉइडवर ते आले, जुलैमध्ये आमंत्रणाची अट उठली. तोवर टाळेबंदी सैल झाली होती आणि मोठ्या कंपन्यांनी तशीच सोय आपापल्या माध्यमांत आणली होती. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने निम्म्याहून अधिक कर्मचारी कमी केले. दुर्मीळतेमुळे लोक दारापर्यंत येतात. दार उघडल्यावर आत थांबण्याचे कारण मात्र वेगळे लागते.

एकट्यालाही काही मिळाले पाहिजे

रिकाम्या खोलीवर आणखी एक उपाय आहे. मित्र येईपर्यंत वेळ काढता येईल असे काही तरी त्या खोलीत ठेवणे. 'इन्स्टाग्राम' हे त्याचे ठळक उदाहरण. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर यांनी आधी 'बर्बन' नावाचे ॲप केले होते. त्यात आपण कोठे आहोत हे सांगणे, बेत आखणे, छायाचित्रे टाकणे अशी भाराभर सोय होती. लोक त्यातील छायाचित्रांचा भागच वापरतात, हे ध्यानात आल्यावर दोघांनी बाकीचे काढून टाकले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी इन्स्टाग्राम आले, पहिल्या दिवशी सुमारे २५ हजार लोकांनी ते घेतले आणि दोन-अडीच महिन्यांत दहा लाखांचा टप्पा ओलांडला. तेथे एकही मित्र नसला तरी साध्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र देखणे होत असे आणि ते ट्विटर वा फेसबुकवरही टाकता येई. ते चित्र तेथे पाहणाऱ्यांना इन्स्टाग्रामचे नाव आपोआप कळे.

भारतातील 'शेअरचॅट'च्या मुळाशीही असेच निरीक्षण आहे आणि त्याचा धागा मुंबईच्या सचिन तेंडुलकरपर्यंत जातो. आयआयटी कानपूरचे अंकुश सचदेवा, भानुप्रताप सिंह आणि फरीद अहसान हे तिघे आधीच्या अनेक प्रयत्नांत अपयशी ठरले होते. फेसबुकवरील एका गटात तेंडुलकरचे असंख्य चाहते आपला मोबाइल क्रमांक टाकून व्हॉट्सॲपच्या गटात घेण्याची विनंती करत असल्याचे त्यांना दिसले. त्या क्रमांकांतून त्यांनी व्हॉट्सॲपवर काही गट करून पाहिले. एकमेकांना अनोळखी असलेली ही माणसे बघता बघता बोलू लागली, चित्रे आणि चित्रफिती पाठवू लागली. लोकांना आपल्या भाषेत पुढे पाठवता येईल असा मजकूर हवा आहे, हे त्यातून उमगले. २०१५ मध्ये शेअरचॅट सुरू झाले ते हिंदी, मराठी, मल्याळम आणि तेलुगू या भाषांत. इंग्रजीला त्यात स्थान नव्हते. आरंभी ते मजकूर घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवण्याचेच साधन होते. माणसे जेथे आधीच जमली होती, तेथे त्यांना लागणारी वस्तू त्याने पोहोचवली आणि मग हळूहळू त्यांना आपल्या अंगणात आणले.

हाताने केलेली कामे

यशस्वी समाजमाध्यमांच्या पहिल्या दिवसांत यंत्रापेक्षा माणसांची मेहनत अधिक दिसते. 'लिंक्डइन' मे २००३ मध्ये सुरू झाले, तेव्हा रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापल्या ओळखीच्या व्यावसायिकांना स्वतः आमंत्रणे धाडली. पहिल्या महिन्याअखेर सभासद होते सुमारे साडेचार हजार. 'ट्विटर' २००६ चे, पण त्याला उठाव मिळाला तो मार्च २००७ मध्ये ऑस्टिन येथील 'साउथ बाय साउथवेस्ट' या महोत्सवात. कंपनीने तेथे आवारात मोठे पडदे लावून उपस्थितांचेच संदेश त्यावर झळकवले. रोजचे संदेश वीस हजारांवरून साठ हजारांवर गेले. एकाच आवारात, एकाच विषयात रस असलेली माणसे तीन-चार दिवस एकत्र होती, म्हणून हे शक्य झाले.

'टिंडर' या जोडीदार शोधणाऱ्या ॲपने २०१२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांची वाट धरली. त्याच्या प्रसाराची धुरा वाहणाऱ्या व्हिटनी वुल्फ आधी विद्यार्थिनींच्या संघटनांत जाऊन त्यांना ॲप घ्यायला लावत आणि नंतर विद्यार्थ्यांकडे जात. ओळखीच्या मुली तेथे आधीच दिसत असल्याने मुलांना समजवावे लागत नसे. दोन गट एकमेकांसाठी आवश्यक असतात, तेव्हा ज्याला आणणे अधिक कठीण त्याला आधी आणावे, हा त्यातील व्यवहार होता.

या मेहनतीची एक सीमारेषा मात्र आहे. 'रेडिट'चे संस्थापक स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी २००५ मध्ये संकेतस्थळ ओस दिसू नये म्हणून स्वतःच अनेक बनावट नावांनी दुवे टाकले होते, हे हफमन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. पुढे खरे लोक आले आणि बनावट नावांची गरज संपली. तरी हा कित्ता गिरवण्याजोगा नाही. त्या काळी वाचकाला मिळत होते ते वाचनीय दुवे. आज बनावट खात्यांमागे बहुधा बनावट संवाद असतो आणि समोरचे माणूस खोटे होते हे एकदा उघड झाले की विश्वास परत मिळत नाही. संस्थापकांनी आणि त्यांच्या मित्रांनी आपल्या खऱ्या नावाने रोज लिहिणे, नव्या सभासदाला नाव घेऊन उत्तर देणे, हा मार्ग सरळ आहे आणि त्याचा परिणामही टिकतो.

असे लिहिते हात मोजकेच असतात, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि एक टक्का बहुतेक मजकूर पुरवतो. हजार सभासदांत असे दहाच जण निघतील. ते दहा कोण, हे ओळखणे आणि त्यांना सांभाळणे हे जाहिरातीपेक्षा मोलाचे काम ठरते.

उसनी गर्दी

मोठ्या घरातून आलेल्या माध्यमाला रिकाम्या खोलीचा प्रश्न पडत नाही, असे वाटू शकते. 'गूगल प्लस'ने ते खोटे ठरवले. जून २०११ मध्ये आलेल्या या माध्यमाच्या पाठीशी गूगलचे कोट्यवधी खातेदार होते. खाती उघडली गेली, पण माणसे वावरली नाहीत. ९० टक्के भेटी पाच सेकंदांहून कमी वेळ टिकतात, अशी कबुली ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द गूगलने दिली आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी ते बंद केले. जुलै २०२३ मध्ये मेटाच्या 'थ्रेड्स'वर पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नाव नोंदवले. तेथे इन्स्टाग्रामचे मित्र आयते सोबत आले, तरी काही आठवड्यांतच निम्म्याहून अधिक वापर ओसरला. पुढे ते सावरले, कारण मेटाकडे थांबण्याइतका पैसा आणि वेळ होता. नव्या उद्योजकाकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

'कू'ला मिळालेली गर्दी घटनांनी आणलेली होती. ऑगस्ट २०२० मध्ये आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत ते गौरवले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटला, तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती तेथे आली आणि त्यांच्यामागे लोक आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्राझीलमधून अवघ्या दोन दिवसांत सुमारे दहा लाख डाउनलोड झाले. पण ज्या रागाने वा उत्साहाने माणसे आली, तो ओसरल्यावर त्यांचे मित्र, वाचक आणि रोजचा संवाद जुन्याच ठिकाणी होता. 'कू'च्या बंद होण्यामागे आटलेली गुंतवणूक, तंत्रज्ञानाचा मोठा खर्च आणि फिसकटलेल्या भागीदारीच्या वाटाघाटी ही कारणे होतीच. भरातही रोजचे वापरकर्ते सुमारे २१ लाख होते, म्हणजे महिन्याला येणाऱ्या पाचांपैकी एकच जण रोज येत होता, हेही त्यासोबत लक्षात घ्यावे लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या 'अराट्टाई' या संदेश ॲपवर असाच लोंढा आला. रोजची नोंदणी तीन दिवसांत तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे श्रीधर वेंबू यांनी सांगितले. स्वदेशीच्या आवाहनाने माणसे आली, तेव्हा सर्व्हरची क्षमता घाईने वाढवावी लागली आणि संदेशांच्या पूर्ण कूटबद्धतेसारख्या उणिवाही चर्चेत आल्या. आवाहनाने ॲप मोबाइलमध्ये येते. रोज उघडले जाण्यासाठी मात्र त्यात घरचे, कार्यालयातले, सोसायटीतले लोक असावे लागतात.

मोजायचे काय?

डाउनलोडचा आकडा फसवा असतो, कारण तो विकत घेता येतो. समजा, एका डाउनलोडमागे जाहिरातीचा खर्च ३० रुपये येतो. एक लाख डाउनलोडना ३० लाख रुपये लागतील. महिन्याने त्यातील दोन हजारच माणसे उरली, तर एका खऱ्या सभासदाची किंमत दीड हजार रुपये पडली. त्याऐवजी एका महाविद्यालयातील हजार जणांपैकी महिन्याने चारशे उरले, तर आकडा लहान दिसेल, पण ॲप जिवंत आहे.

म्हणून या व्यवसायात दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परत आले हे पाहण्याचा प्रघात आहे. प्रत्येक आठवड्यात आलेल्या नव्या सभासदांचा गट वेगळा मोजायचा. त्या गटाची गळती काही आठवड्यांनी थांबून रेषा सपाट झाली, तर पाया सापडला असे समजावे. रेषा शून्याकडेच उतरत असेल, तर नवी भरती म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. फेसबुकच्या वाढीची जबाबदारी सांभाळणारे चमथ पालिहपितिया यांनी सांगितल्यानुसार नव्या सभासदाला दहा दिवसांत सात मित्र मिळवून देणे, हे एकच उद्दिष्ट तेथे सर्वांपुढे ठेवलेले असे. प्रत्येक ॲपचा हा आकडा वेगळा असेल, पण तो असतो. टिकलेल्या आणि गळालेल्या सभासदांच्या पहिल्या आठवड्यातील वागण्याची तुलना केली, की तो सापडतो.

विश्वासाचे भांडवल

लवकर वाढण्याच्या घाईत सर्वांत आधी हात पडतो तो वापरकर्त्याच्या मोबाइलमधील संपर्कयादीवर. 'पाथ' हे जवळच्या मित्रांसाठीचे ॲप २०१० मध्ये आले. सुरुवातीला त्यात पन्नासच मित्र जोडता येत. दाटीचे तत्त्व त्याला नेमके समजले होते. पण ते वापरकर्त्यांची संपर्कयादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचे फेब्रुवारी २०१२ मध्ये उघड झाले. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीला आठ लाख डॉलर भरावे लागले. २०१८ मध्ये 'पाथ' बंद झाले. वापरकर्त्यांच्या नावाने त्यांच्या परिचितांना वारंवार आमंत्रणे पाठवल्याच्या प्रकरणात लिंक्डइननेही २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगून संमती घेणे, ती काढून घेण्याची सोय ठेवणे आणि अठरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांची पडताळलेली संमती मिळवणे या कायद्याला अपेक्षित आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन समाजमाध्यमांवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आधीच घातलेले आहे. महाविद्यालयातून सुरुवात करणाऱ्या ॲपचे काही सभासद अकरावी-बारावीचे असतील, हे विसरता येणार नाही.

कायद्यापलीकडची बाबही तितकीच महत्त्वाची आहे. पहिल्या काहीशे लोकांत जी भाषा चालते, ती पुढे त्या माध्यमाची रीत बनते. सुरुवातीला शिवीगाळ खपवून घेतली, तर मुली आधी निघून जातात आणि पाठोपाठ लिहिणारे जातात. मागे उरते ती भांडकुदळ मंडळी. नियम, तक्रारीची सोय आणि कोणाला दूर ठेवायचे याचा निर्णय पहिल्या शंभर सभासदांच्या वेळीच घ्यावा लागतो. लाखांच्या गर्दीत तो घेणे कितीतरी महाग पडते.

नव्या ॲपसाठी क्रमवार विचार

१. एकच समूह निवडावा. त्यातील माणसे एकमेकांना ओळखणारी वा एकाच गरजेने बांधलेली असावीत.

२. त्या समूहाचे आज अडलेले एक काम ठरवावे. तेच काम व्हॉट्सॲपच्या गटात तितकेच चांगले होत असेल, तर ॲपची गरज पुन्हा तपासावी.

३. मित्र नसतानाही पहिल्या दिवशी सभासदाला काही उपयोग होईल, अशी एक सोय द्यावी.

४. समूहातील लिहिती, बोलकी दहा माणसे प्रत्यक्ष भेटून मिळवावीत.

५. संपर्कयादी विचारून आणि कारण सांगून घ्यावी. नकार दिला तरी ॲप चालले पाहिजे.

६. तिसाव्या दिवसाची उपस्थिती स्थिर झाल्याशिवाय दुसरा समूह उघडू नये आणि जाहिरातीवर पैसा घालू नये.

७. दुसरा समूह पहिल्याच्या शेजारचा निवडावा, म्हणजे दोघांत काही माणसे समान असतील.

या मार्गाला वेळ लागतो आणि वर्तमानपत्रात छापून येण्यासारखे आकडे त्यातून लवकर मिळत नाहीत. गुंतवणूकदारांना वक्ररेषा चढती हवी असते, त्यामुळे संस्थापकांवर घाई करण्याचा दबाव येतो. पण पणाला लागलेले असते ते केवळ त्यांचे भांडवल नव्हे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा आपली छायाचित्रे आणि मजकूर उतरवून घेण्यासाठी सभासदांना सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत देण्यात आली होती. ज्यांनी ती साधली नाही, त्यांच्या तरुणपणीच्या गप्पा, मित्रांनी लिहिलेले चार बरे शब्द आणि जुने फोटो त्या संकेतस्थळासोबत गेले. समाजमाध्यमाचा पहिला सभासद आपल्या आयुष्याचा एक तुकडा अनोळखी माणसाच्या हवाली करत असतो. त्याला बोलावण्याची तयारी जितकी काळजीपूर्वक केली जाते, तितक्याच काळजीने, दुकान बंद करावे लागले तर त्याचे त्याला परत कसे द्यायचे, याचीही सोय पहिल्याच दिवशी करून ठेवणे योग्य ठरेल.